आठ महिन्यांच्या बाळासह पहिली सहल: महाबळेश्वर, दिवेआगर की गुहागर?

नवी आई, पुणे

नमस्कार. आमची मुलगी डिसेंबरच्या मध्यावर आठ महिन्यांची होईल. तिच्या जन्मापासून दवाखाना आणि माझे माहेर यांखेरीज आम्ही तिला घेऊन कोठेही गेलेलो नाही. आता थंडी सुरू होते आहे, तर घरातल्या सगळ्यांनी मिळून तीन-चार दिवस बाहेर राहून यावे असे फार वाटते. आम्ही दोघे, सासूबाई, सासरे आणि बाळ असे पाच जण स्वतःच्या गाडीने जाणार आहोत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना फार पायऱ्या चढवत नाहीत.

ठिकाणावर मात्र एकमत होत नाही. नवऱ्याच्या मते महाबळेश्वर सर्वांत सोयीचे, कारण पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि रस्ता ओळखीचा आहे. मला समुद्र हवा आहे; दिवेआगरला लग्नानंतर एकदा गेलो होतो आणि तेथील शांतता अजून मनात आहे. सासूबाईंची इच्छा अशी की बाळाचे पाऊल प्रथम कुलदैवताच्या दारात पडावे. आमचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. त्यांचा आग्रह नाही, पण त्यांनी दोनदा विषय काढला आहे आणि मला त्यांचे मन मोडायचे नाही.

बाळाबद्दल सांगायचे तर ती अंगावर पिते, शिवाय ऑक्टोबरमध्ये उष्टावण झाल्यापासून खिमट, मऊ भात आणि नाचणीचे सत्त्व खाते. नुकतीच रांगू लागली आहे. संध्याकाळी साडेसातला झोपते आणि रात्री दोनदा उठते. गाडीत पहिला तासभर छान झोपते, त्यानंतर मात्र रडून आकांत करते. तिच्यासाठी आसन घेतले आहे, पण रडू लागली की सासूबाईंना तिला मांडीवर घ्यावेसे वाटते.

घरापासून दूर असताना तिला रात्री ताप आला किंवा जुलाब सुरू झाले तर काय करायचे, या विचाराने मला झोप लागत नाही. निर्णय नेमका कशावरून घ्यावा, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.

चिपळूणकरीण

मला दोन मुले आहेत. पहिल्याच्या वेळी मी ठिकाण आधी ठरवले आणि बाळाचा दिवस त्यात बसवायला गेले. दुसरीच्या वेळी बाळाचा दिवस आधी कागदावर मांडला आणि त्यात बसेल असे ठिकाण शोधले. दुसरी सहल आम्हां सर्वांना आठवते ती सुखाची म्हणून. तुम्हीही तसेच करावे, असे मी आवर्जून सांगेन. तुमचे बाळ तासाभरानंतर रडते, साडेसातला झोपते आणि रात्री दोनदा उठते, या तीन गोष्टींतच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

गुहागर मला घरच्यासारखे आहे, तरीही या खेपेला मी त्याची शिफारस करणार नाही. उंब्रजहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तेथून आणखी सुमारे ४५ किलोमीटर, असा तो रस्ता आहे. मोठ्या माणसांना सात तास लागतात, तर बाळाला पाजत, कपडे बदलत, जेवू घालत जाणाऱ्यांना नऊ ते दहा तास सहज लागतील. जायचेच असेल तर चिपळूणला रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी गुहागर गाठावे लागेल, म्हणजे चार दिवसांतले दोन दिवस रस्त्यातच जातील. दिवेआगर ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा करत साधारण १६० ते १७० किलोमीटर पडते. एकाच दिवसात, दोन मोठे थांबे घेऊन, दुपारी जेवायच्या वेळेला आरामात पोहोचता येते. घाटापूर्वी लगेच पोटभर खिमट देऊ नये, थोडे अंगावर पाजावे आणि घाट उतरल्यावर निजामपूर-माणगावच्या बाजूला निवांत थांबून भरवावे. आमची धाकटी ताम्हिणीच्या वळणांवर ओकली होती, ती आम्ही निघताना तिला दूधभात दिल्यामुळेच. अगदी पहाटे निघण्याचा मोह टाळा, कारण डिसेंबरात मुळशीच्या धरणालगत धुके दाट असते. उजाडल्यावर निघालात तरी बाळाची पहिली झोप गाडीत होते.

आता राहण्याच्या जागेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सहल बिघडते ती बहुधा येथेच. साडेसातला बाळ झोपते म्हणजे साडेसातला खोलीतला दिवा बंद होतो. एकच खोली घेतलेली असेल तर त्यानंतर आईबाप अंधारात, पलंगाच्या कडेवर, मोबाइलचा उजेड हाताने झाकत आणि कुजबुजत बसतात, आणि असे तीन रात्री झाले की घरीच बरे होते असे वाटू लागते. म्हणून खोलीला लागून पडवी किंवा ओटी आहे का, दार किलकिले ठेवून तेथे बसता येईल का, हे सर्वांत आधी विचारा. दिवेआगरला सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि पुष्कळ घरांना अशी पडवी असते. बाळ आत झोपलेले, तुम्ही चौघे बाहेर चहा घेत गप्पा मारता आहात आणि वाडीतून गार वारा येतो आहे, अशी एक संध्याकाळ मिळाली तरी तुमची सहल झाली असे समजा.

फोनवर आणखी काही गोष्टी विचाराव्यात. खोली तळमजल्यावर आहे का, हे सासऱ्यांसाठी महत्त्वाचे. रात्री अकरा वाजता पाणी उकळून हवे असेल तर ते कोण देईल? पलंगावर बांधायची मच्छरदाणी मिळेल का? एवढ्या प्रश्नांना घरमालकीण कंटाळली तर ती जागा तुमच्यासाठी नाही. जिच्या घरी लहान मूल वाढले आहे, ती न विचारताच पुढचे सांगू लागते.

बालरोगतज्ज्ञ, सातारा

घरापासून दूर असताना बाळ आजारी पडले तर काय, या तुमच्या शंकेचे उत्तर देते, कारण हीच भीती मला दर हिवाळ्यात अनेक आया सांगतात.

प्रथम तारखांबद्दल. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली लस द्यायची असते. या लसीचा ताप इतर लसींसारखा त्याच रात्री येत नाही, तर साधारणपणे सात ते बारा दिवसांनी येतो, आणि कधी त्याबरोबर अंगावर बारीक पुरळही उठते. पालक तोवर लस विसरून गेलेले असतात आणि नेमके त्याच सुमारास कोठे बाहेर असले तर घाबरून जातात. तुमच्या मुलीची ही लस जानेवारीच्या मध्यावर येईल, म्हणून सहल डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करणे किंवा थेट फेब्रुवारीत करणे योग्य. सहा महिन्यांनंतर फ्लूची लसही देता येते, तिच्या पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा असतात. ती झाली नसेल तर आपल्या डॉक्टरांशी आताच बोलून घ्यावे.

ठिकाण निवडताना मी स्वतः एक नियम पाळते: लहान मुलांना पाहणारे डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असावेत, आणि त्यांचा पत्ता व वेळ निघण्याआधी वहीत लिहून ठेवावी. दिवेआगरहून श्रीवर्धन हे तालुक्याचे गाव जवळ आहे, महाबळेश्वरहून पाचगणी आणि वाई जवळ आहेत. राहण्याच्या घरी फोन कराल तेव्हा गावातील लोक आपल्या लेकरांना कोणाकडे नेतात, हे विचारा. ते उत्तर नकाशावरील शोधापेक्षा खरे असते.

सोबत थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या आणि तापाचे पॅरासिटॅमॉल ठेवावे. पॅरासिटॅमॉलची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात वजन करून ती आपल्या डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी. थेंबांचे औषध आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते. थेंब बरेच तीव्र असतात आणि सिरपच्या हिशेबाने थेंब दिले तर मात्रा धोकादायक होते. लिहून दिलेलीच बाटली बरोबर न्यावी, वाटेत दुसरी घेऊ नये. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात संपूर्ण घालायची असते, अंदाजाने अर्धी घालू नये. लहान पुड्या २०० मिलिलिटरसाठी मिळतात, त्या प्रवासात सोयीच्या. त्याच्यासारखी दिसणारी गोड तयार पेये मात्र घेऊ नयेत. सर्दीखोकल्याची औषधे या वयात स्वतःहून मुळीच देऊ नयेत. जुलाब होत असताना बाळाने सहा तासांत लघवी केली नाही, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, टाळू खोल गेली किंवा ते मलूल होऊन दूध घेईना, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावेत.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. या उंचीने निरोगी बाळाला काही होत नाही, उंचीचे त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतात. तेथे प्रश्न थंडीचा आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दव गोठते, इतका गारठा असतो. सासऱ्यांचे गुडघे आणि रांगणाऱ्या बाळाची गार फरशी या दोन्ही गोष्टी मनात धराव्यात.

मांडीवर घेण्याबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायला हवे. गाडीला अचानक ब्रेक लागतो तेव्हा कितीही प्रेमाने धरलेले बाळ हातात राहत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार १४ वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन लावणे बंधनकारक आहे. या वयात आसन मागच्या सीटवर आणि बाळाचे तोंड मागच्या बाजूला असेच बसवावे. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर असे आसन कधीही ठेवू नये. बाळ रडू लागले तर गाडी थांबवावी, बाहेर काढून फिरवावे, पाजावे, आणि मग पुन्हा बसवावे. एरवीही दर दीड-दोन तासांनी त्याला आसनातून काढायलाच हवे, तेव्हा तासाभराने रडणारे तुमचे बाळ फार काही वेगळे मागत नाही.

प्रवासी बाबा, डोंबिवली

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु रेल्वेचा विचार कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहितो. पुण्याहून तुम्हाला ती सोय तितकीशी जुळणार नाही, पण मुंबई-ठाण्याकडील जे पालक हा धागा वाचत असतील त्यांना उपयोग होईल.

आमचा मुलगा दहा महिन्यांचा असताना आम्ही ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने कुडाळला उतरून मालवणला गेलो. गाडीत बाळाला बांधून ठेवावे लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. तो खालच्या बर्थवर खिडकीच्या बाजूला झोपला, उठल्यावर आम्ही त्याला कडेवर घेऊन डब्यात फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येक बोगदा आला की तो श्वास रोखून आईच्या तोंडाकडे पाहत असे. उजेड परत आला की हसत असे. कोकण रेल्वेवर बोगद्यांची कमतरता नाही, त्यामुळे रत्नागिरीपर्यंतचा वेळ कसा गेला ते कळले नाही. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, मात्र त्याच्यासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. दोघांना मिळून दोन खालचे बर्थ मिळाले तर तेवढे पुरतात.

आमची अडचण झाली ती मुक्कामी. फोनवर सर्व सोयी आहेत असे सांगणाऱ्या एका लॉजमध्ये आम्ही तीन रात्रींचे पैसे आगाऊ भरले होते. तेथे स्वयंपाकघर रात्री नऊला बंद होत असे आणि त्यानंतर इमारतीत कोणीही नसे. पहिल्याच रात्री बारा वाजता मुलगा भुकेने उठला, थर्मासमधले पाणी कोमट झाले होते आणि पावडरचे दूध करायला उकळते पाणी मिळेना. माझी पत्नी त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती आणि मी खालच्या मजल्यावर बंद दार वाजवत उभा होतो. ती अर्ध्या तासाची रात्र आम्हां दोघांनाही विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारातून एक लहान विजेची किटली विकत आणली. पावडरच्या दुधासाठी पाणी उकळून किमान ७० अंश सेल्सिअस इतके गरम असतानाच मिसळावे लागते आणि नंतर ते निववून पाजायचे असते, म्हणून कोमट पाण्यावर भागवता येत नाही. तुमचे बाळ अंगावर पिते, तरीही खिमट शिजवायला तीच किटली किंवा एक छोटा कुकर उपयोगी पडेल. सर्व सोयी आहेत का, असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. रात्री बारा वाजता मला उकळते पाणी हवे असेल तर कोणाला हाक मारायची, असे विचारावे.

नवी आई, पुणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टर, लसीच्या तापाबद्दलची माहिती मला अजिबात नव्हती. आम्ही मकरसंक्रांतीला जोडून पुढच्या आठवड्याचा विचार करत होतो, तो आता सोडून दिला आहे. आसनाबद्दलचे आपले म्हणणे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या की मधल्या सीटवर मी तिच्या शेजारी बसेन, म्हणजे तिला माझा चेहरा दिसत राहील.

एक शंका राहिली आहे. माझ्या जावेचे म्हणणे असे की बाळ चालू लागण्यापूर्वीच लांबचा प्रवास सोपा असतो, म्हणून आता केरळला विमानाने जाऊन यावे, पुढे दोन वर्षे जमणार नाही. यात कितपत तथ्य आहे?

माहेरवाशीण, बेंगळुरू

तुमच्या जावेचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि मी ते अनुभवाने सांगते. आम्ही मुलगी नऊ महिन्यांची असताना बेंगळुरूहून विमानाने कोचीला गेलो. विमानाचा भाग खरोखरच सोपा झाला. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसते, त्याचे वेगळे आणि कमी भाडे असते, वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ ठेवावा लागतो. बाळाचे दूध, उकळलेले पाणी आणि खाऊ सुरक्षा तपासणीतून नेता येतो. विमान उडताना आणि विशेषतः उतरू लागताना अंगावर पाजले की गिळण्यामुळे कानांतला दाब सुटतो. उतरण्याची सुरुवात प्रत्यक्ष उतरण्याच्या जवळपास अर्धा तास आधी होते, तेव्हा घोषणेची वाट पाहत बसू नये, पण बाळ गाढ झोपले असेल तर त्याला उठवूही नये.

चुकले ते पुढे. आम्ही त्याच दुपारी मुन्नारला निघालो. कोचीहून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर आहे, पण शेवटचा मोठा टप्पा चढणीचा आणि वळणावळणांचा आहे. सकाळी पाचला उठलेले बाळ, विमान, मग चार-पाच तासांची टॅक्सी आणि तिच्यात बालआसन नाही. पोहोचलो तेव्हा मुलगी रडून रडून थकली होती आणि पुढचा पूर्ण दिवस तिने माझ्या अंगावरून खाली उतरायचे नाव काढले नाही. मुन्नारनंतर दोन रात्री कुमारकोमला वेंबनाड सरोवराच्या काठी राहिलो, तेव्हा कोठे आम्हाला हायसे वाटले. तेथे आम्ही काहीही पाहिले नाही. सकाळी काठावर चटई टाकायची, बाळ पाणकावळ्यांकडे बोट दाखवत बसायचे आणि आम्ही आळीपाळीने झोपायचे. पहिल्या दिवसापासून तेवढेच करायला हवे होते. हाउसबोटीचे नोंदणीचे पैसे भरलेले असूनही आम्ही ती रद्द केली, कारण तिचे कठडे पाहिल्यावर रांगत्या बाळासह तेथे रात्र काढण्याचा माझा धीर झाला नाही. पैसे गेले, त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

त्यामुळे विमानाला घाबरू नये, पण विमानतळापासून तासाभरात मुक्कामी पोहोचता येत नसेल तर तो बेत या वयात घेऊ नये. तुमच्याबरोबर तर गुडघे दुखणारे एक ज्येष्ठही आहेत. तीन-चार दिवसांसाठी मी दिवेआगरच म्हणेन, आणि त्यातही एकाच घरात सर्व रात्री. सामान एकदा सोडले की परत बांधायचे नाही.

नातवाची आजी, सांगली

मी या धाग्यावर सासूच्या बाजूने लिहिते आहे. माझा नातू आता तीन वर्षांचा आहे. तो सात महिन्यांचा असताना मुलगा-सून मला सोबत घेऊन कोकणात गेले होते.

आपल्या सासूबाईंची व्याडेश्वराची इच्छा मला पूर्ण समजते. नातवंड झाले की प्रथम देवापुढे ठेवावे, असे आम्हा बायकांना आतून वाटते, त्यात हट्ट नसतो. परंतु दर्शन आणि विश्रांती ही दोन कामे एका सहलीत घालू नयेत, असे मी स्वतःच्या अनुभवाने सांगेन. आम्ही वाटेतच एक कुलाचार उरकून घेऊ म्हणालो आणि सगळा दिवस त्यातच गेला. गुरुजींची वेळ, नैवेद्याची वेळ, गर्दी, त्यात बाळाच्या झोपेची वेळ चुकली आणि शेवटी सून डोळ्यांत पाणी आणून देवळाच्या ओवरीत त्याला थोपटत बसली. देवाच्या दारात माझे लक्ष देवाकडे नव्हते, हे मला अजून लागून राहिले आहे. दर्शनाला वेगळे, निवांत जावे, चिपळूणला मुक्काम करून जावे, आणि तेव्हा दुसरे काहीही ठरवू नये.

दुसरी गोष्ट सुनेला सांगायची आहे. आजी सोबत आहे म्हणजे बाळ आजीकडे, असे आपोआप होऊ देऊ नका. मला नातवाचे सारे करायला आवडते, तरी त्या चार दिवसांत सकाळी एकटीने समुद्रावर जाऊन यावे असे मलाही वाटत होते, आणि ते बोलून दाखवायला मला दोन दिवस लागले. निघण्यापूर्वीच ठरवून टाका की सकाळचा चालण्याचा वेळ सासूसासऱ्यांचा, दुपारची झोप सगळ्यांची, आणि संध्याकाळी एकदा तरी तुम्ही दोघांनी बाळाला आमच्यापाशी ठेवून किनाऱ्यावर जायचे. तो तासभर आम्ही आनंदाने सांभाळू, कारण तो ठरलेला असेल.

बाळासाठी घरातलीच दोन-चार दुपटी धुऊन, पण अंगाचा वास राहील अशी न्या. नव्या जागी ती नाकाशी धरून मूल झोपते. खिमटाची पूड घरी भाजून, दळून, कोरड्या डब्यात न्या. तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात अंघोळ घालण्याचा नेम मोडू नका. गरम पाणी कोपराने पाहून मगच घ्या, कारण परक्या ठिकाणचा गीझर किती तापतो हे आपल्याला माहीत नसते. खोलीत शिरल्यावर सुनेने बाळाला खाली सोडण्याआधी स्वतः रांगत एक फेरी मारावी, असे मी सुचवते. माझ्या सुनेने तसे केले तेव्हा पलंगाखाली डासांची अर्धी जळलेली कॉइल, एक उघडा प्लग आणि मुंग्यांची पावडर सापडली होती. उभ्याने यातले काहीच दिसले नव्हते. कोकणात अंथरूण-पांघरूणही झटकून घ्यावे.

आणि समुद्राची घाई करू नका. आम्ही पहिल्या संध्याकाळी नातवाला पाण्यात उभे करायला गेलो तर त्याने पायांची बोटे अशी आत वळवून घेतली की वाळूला टेकेनात, आणि लाटेचा आवाज ऐकून तो माझ्या पदरात तोंड लपवू लागला. मग दोन दिवस आम्ही फक्त सुरूच्या सावलीत बसलो. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून ओल्या वाळूवर हात ठेवला, उचलला, त्या हाताकडे पाहिले आणि पुन्हा ठेवला. एक दिवसाची सहल असती तर ते मला दिसले नसते.

चिपळूणकरीण

आजींनी लिहिलेले वाचून डोळे भरून आले. त्यात केवळ एक भर घालते: शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळा. सोमवारी निघून गुरुवारी परत आलात तर किनारा मोकळा मिळेल आणि घरमालकिणीलाही तुमच्याकडे लक्ष द्यायला सवड असेल. जाण्यापूर्वी एखाद्या रविवारी दोन तासांच्या अंतरातली एक रंगीत तालीम करून पाहा. पिशवीत काय कमी पडते आणि आसनात बाळ किती वेळ राहते, ते त्या एका दिवसात कळते.

नवी आई, पुणे

आमचे ठरले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार, दिवेआगरला तीन रात्री, एकाच घरी. गुहागरला फेब्रुवारीत, लसीनंतर, चिपळूणला मुक्काम करून जाऊ. आजींचे उत्तर मी सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "देव कुठे पळून जात नाही, आणि नातीला घेऊन मलाही तिथे निवांत बसायचे आहे." सकाळी समुद्रावर जाण्याबद्दल मी विचारले, तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला, मला वाटते, हे कोणी विचारेल याची त्या वाट पाहत होत्या.

चार घरी फोन केले. रात्री बाराच्या पाण्याचा प्रश्न सर्वांना विचारला. तिघांनी सांगितले की तशी वेळ येणार नाही. चौथ्या घरच्या काकूंनी सांगितले की स्वयंपाकघराचे दार लोटलेले असते, कडी लावत नाही, गॅस कसा पेटतो ते पहिल्या दिवशीच दाखवून ठेवीन. खोली तळमजल्यावर आहे आणि पुढे पडवी आहे. फोन ठेवता ठेवता त्यांनीच विचारले की बाळाला उकड्या तांदळाची पेज चालेल ना, आणि ती तूप घालून घेते की तशीच.

येत्या रविवारी तालीम म्हणून नसरापूरच्या बनेश्वरला जाऊन येतो आहोत. पिशवीची यादी सासऱ्यांनी करायला घेतली आहे.